पिकिंगवाल्यांची कंबर परत परत का धरते : गोडाऊनमधे आधी काय तपासायचं

एकाच गोडाऊनमधे पिकिंग करणारी, म्हणजे ऑर्डरप्रमाणं रॅकवरनं माल काढणारी, तीच तीच माणसं कंबर धरून बसायला लागली की पहिलं कानावर येतं ते हे, "उचलायची पद्धत चुकतीय ह्यांची". मग भिंतीवर पोस्टर लागतं, गुडघ्यात वाकून ताठ पाठीनं बॉक्स उचलणाऱ्या माणसाचं, कोणतरी येऊन अर्धा तास ट्रेनिंग देऊन जातं, दोन-चार दिवस सगळे पोस्टरसारखं उचलतात आणि मग ऑर्डरींचा रेटा आला की जसंच्या तसं. ह्यात माणसांचा काही दोष नाही. खालच्या फळीवर साठ सेंटीमीटर आत ढकललेला बॉक्स ताठ पाठीनं उचलताच येत नाही, करून बघा, गुडघे रॅकच्या पट्टीला आपटतात. फक्त उचलायचं कसं हे शिकवून पाठदुखी कमी होते का हे बाहेरच्या देशात बऱ्याच ठिकाणी तपासून झालंय आणि नुसत्या ट्रेनिंगनं फरक पडतो असं काही निघालेलं नाही.

मी किराणा मालाच्या डिस्ट्रिब्युशन गोडाऊनमधे पिकिंग केलंय आणि आता तीच माणसं सांभाळतो. बेळगावच्या होनगा, काकती, ऑटोनगर, उद्यमबाग, मच्छे ह्या पट्ट्यात अशी कामं करणारी पुष्कळ मंडळी आहेत, तिकडं निपाणी, संकेश्वरकडंपण, आणि जवळपास सगळीकडं तक्रार एकच, बाम लावला, शेक दिला, सुट्टी काढली, बरं वाटलं, कामावर आलं की परत तीच कळ. माझं म्हणणं एवढंच की दुखणं परत येतंय म्हणजे त्याचं कारण रॅकवर तसंच बसलेलं आहे. माणसाची पाठ तपासायच्या आधी माल किती उंचीवर, किती आत आणि कुठल्या बाजूला ठेवलाय ते तपासा.

सुरुवात विचारण्यापासून

"कुणाला दुखतंय का" असं सगळ्यांसमोर विचारलं तर कोण हात वर करत नाही, काम जाईल म्हणून घाबरतात, आणि बायका तर अजिबात बोलत नाहीत. एका कागदावर माणसाचा नुसता आकार काढा, पुढून एक आणि पाठीमागून एक, झेरॉक्स काढा आणि शिफ्ट सुटताना प्रत्येकाला जिथं दुखतंय तिथं खूण करायला सांगा, नाव लिहायचं नाही, फक्त कुठल्या लाईनला, म्हणजे रॅकच्या कुठल्या रांगेला नाहीतर टेबलावर, काम केलं तेवढं लिहायचं. ही पद्धत जुनी आहे, कॉर्लेट आणि बिशप ह्या दोघांनी १९७६ ला शरीराचे भाग पाडून दुखणं नोंदवायची रीत मांडली होती, त्याचंच हे सोपं रूप. आपल्याकडं ह्याचा आणखी एक फायदा म्हणजे भाषेची अडचण येत नाही, एका लाईनला मराठी बोलणाऱ्या मावशी आणि शेजारच्या लाईनला कन्नड बोलणारे अण्णा असले तरी चित्रावरची खूण सगळ्यांची सारखीच.

जवळ बसून विचारलं तर मात्र बोलतात. "मावशी, कुठं दुखूलालंय?" म्हटलं की "कमरंत न्हवं बाळा, डाव्या अंगाला हितं, वळलं की कळ मारत्या" असं उत्तर येतं आणि त्या एका वाक्यात अर्धं निदान असतं. डाव्या अंगाला, आणि वळलं की. म्हणजे ही उचलण्याची तक्रार नाही, वळण्याची आहे, आणि त्यांच्या टेबलाजवळ जाऊन बघितलं की प्रिंटर मागच्या बाजूला ठेवलेला सापडणार.

पाच-सहा दिवसांचे कागद एकावर एक ठेवून उजेडाकडं धरा. कंबरेवर खुणांचा गठ्ठा दिसला तर खालच्या फळ्या बघायच्या. खांदा आणि मान असेल तर वरच्या फळ्या. एकाच बाजूला दुखत असेल तर कुठंतरी कायम पिळा बसतोय, टेबल नाहीतर ट्रॉली. टाच, पोटऱ्या, गुडघे म्हणजे फरशी आणि चपला. मनगट, कोपर म्हणजे स्कॅनर, टेप आणि कटर.

कंबर : खालची फळी आणि आत गेलेला माल

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्याच असतात, म्हणून इथं जरा थांबतो.

अमेरिकेत नायॉश म्हणून कामगारांच्या आरोग्याची सरकारी संस्था आहे, त्यांनी वजन उचलण्याचं एक गणित बसवलंय. त्यात सुरुवातच २३ किलोपासून होते. सगळं एकदम व्यवस्थित असेल, म्हणजे बॉक्स अंगाला चिकटून, हात साधारण ७५ सेंटीमीटर उंचीवर, वळायचं नाही, आणि अधूनमधूनच उचलायचं, तर २३ किलो. त्यातलं एकेक बिघडत गेलं की तेवढ्या प्रमाणात किलो कमी होत जातात. दोन घोट्यांच्या मधोमधपासून हातापर्यंतचं आडवं अंतर २५ सेंटीमीटर असेल तर काही कमी होत नाही, ते ५० झालं की मर्यादा सरळ निम्मी होते. ६३ च्या पुढं गेलं तर त्या गणिताप्रमाणं उचलूच नये.

आता आपल्या गोडाऊनमधलं उदाहरण घ्या. तेलाच्या एक लिटर पिशव्यांचा बारा नगांचा बॉक्स. तेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे बॉक्स ११ किलोच्या आसपास. ११ किलो म्हणजे काय मोठं वजन नाही असं कोणपण म्हणेल. तो बॉक्स एका पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी फळ्यांच्या पाटावर, खाली आहे, हात १५ सेंटीमीटरवर, बॉक्स आत असल्यामुळं अंगापासून ५० सेंटीमीटर लांब, उचलून ७५ सेंटीमीटर उंचीच्या ट्रॉलीवर ठेवायचा आणि ट्रॉली बाजूला उभी म्हणून ४५ अंश वळायचं, मिनिटाला एक ह्या वेगानं दिवसभर. गणित घातलं तर उत्तर येतं साधारण साडेपाच किलो. म्हणजे माणूस त्या जागेवर झेपेल त्याच्या दुप्पट उचलतोय, आणि ते बाहेरून कुणालाच दिसत नाही कारण सगळ्यांचं लक्ष बॉक्सवर छापलेल्या वजनाकडं.

तोच बॉक्स, तोच माणूस, तोच वेग, फक्त बॉक्स ७५ सेंटीमीटरवर आणला, अंगापासून ३० वर, ट्रॉली तेवढ्याच उंचीची आणि समोर, तर तेच गणित १४ किलोच्या वर जातं. ११ किलो त्यात आरामात बसतं. हे गणित जवळजवळ सगळ्या पुरुषांना आणि चारातल्या तीन तरी बायकांना झेपेल असं धरून बांधलेलं आहे, त्यामुळं "आमच्या बायका दणकट आहेत" हे उत्तर इथं चालत नाही, दणकट आहेत म्हणून तर एवढे दिवस निभावलंय.

करायचं काय तर पहिलं, जास्त खपणारा आणि जड असा माल वेगळा काढायचा. सगळा माल हलवत बसायची गरज नाही. कुठल्याही गोडाऊनमधे थोडेच आयटम असे असतात जे दिवसात सारखे निघतात, बाकीचे आठवड्यात कधीतरी. महिन्याभराची पिक लिस्ट, म्हणजे काढायच्या मालाची यादी, काढून कुठल्या लोकेशनवर, म्हणजे रॅकवरच्या कुठल्या जागेवर, किती वेळा हात गेला ते मोजा, शेजारी वजन लिहा, दोन्हीत वर असलेले आयटम सापडतील, तेल, साबणाच्या वड्यांचे बॉक्स, डिटर्जंट पावडर, गूळ, मीठ. हे सगळे उभ्या माणसाच्या लोंबत्या हाताच्या मुठीपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात आले पाहिजेत, आणि त्यातले जड मुठीपासून कोपरापर्यंत. हा पट्टा पुस्तकातनं घेऊ नका, आपल्याच माणसांना उभं करून टेपनं मोजा, कारण १५० सेंटीमीटरच्या बाईची मूठ आणि १७५ च्या पोराची मूठ एका ठिकाणी येत नाही. लहान चणीच्या माणसाचा खांदा आणि उंच माणसाची मूठ ह्यांच्या मधली जागा धरली की दोघांचं भागतं. खालच्या फळीवर जायचं ते चिप्स, कुरमुरे, टिश्यू असलं हलकं, नाहीतर महिन्यात एकदा निघणारं.

पॅलेटवरच असलेला माल असेल आणि रॅक नसेल, तर रिकामी पॅलेट खाली रचा. एक पॅलेट साधारण १५ सेंटीमीटर, तीन रिकामी रचली की भरलेलं पॅलेट ४५ वर गेलं, खालचा शेवटचा थरपण गुडघ्याजवळ आला. पैसे शून्य, फक्त फोर्कलिफ्ट किंवा स्टॅकरवाल्याला ठेवताना सांगायचं, आणि वरचा थर खांद्याच्या वर जाणार नाही एवढंच भरायचं. लाकूड सडलेलं, फळी मोडलेलं पॅलेट मात्र खाली वापरू नका.

फळी खोल असेल तर आत जाणारा हात थांबवायचा. स्लॉटेड अँगलची, म्हणजे भोकं असलेल्या लोखंडी पट्ट्यांची, रॅक असेल तर नटबोल्ट काढून फळीची उंची बदलता येते, हे सगळ्यांना माहीत असतं पण कोण करत नाही. फळीच्या मागच्या बाजूला रिकामे क्रेट उलटे घालून जागा भरून टाका, मग माल पुढंच राहतो. त्याहून चांगलं म्हणजे फळी पुढं उतरती करायची, माल आपोआप पुढं सरकतो, उद्यमबागेत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं अँगल आणि पत्रा नेऊन दिलात तर होण्यासारखं काम आहे, पुढच्या काठाला दोन-तीन बोटं उंच पट्टी लावून घ्या नाहीतर बॉक्स पायावर येईल. आणि दोन फळ्यांमधलं अंतर नुसतं बॉक्स मावेल एवढं ठेवू नका, वर हात आणि डोकं जायला जागा पाहिजे, नाहीतर माणूस मान वाकडी करून आत घुसतो आणि दुखणं कंबरेतनं मानेत जातं.

५० किलोची साखरेची पोती हा वेगळा विषय. वर सांगितलेलं २३ किलो हे सगळं चांगलं असताना, मग ५० किलो एका माणसानं पाठीवर घ्यायचं हे त्या हिशोबात बसत नाही. हमाल मामा सवयीनं घेतात, पण पिकिंगवाल्याला त्यात ओढायचं नाही. पोत्याला हातगाडी, चढवायला दोघं.

खांदा आणि मान

खांद्याच्या वर हात नेऊन बॉक्स ओढला की त्याचं वजन येतं खांद्यावर आणि मान मागं. वरच्या फळीवर काय ठेवायचं ह्याचा नियम साधा, एका हातानं पेलेल तेवढंच. आणि तिथं चढायला स्टूल पाहिजे, दोन पायऱ्यांचं, खाली रबर असलेलं, प्रत्येक दोन लाईनला एक. एकच स्टूल असेल आणि ते गोडाऊनच्या त्या टोकाला असेल तर कोण आणायला जात नाही, खालच्या फळीवर पाय देऊन चढतात, मी किती वेळा बघितलंय. लोकेशनची चिठ्ठी जर सगळ्यात वर लावली असेल तर ती डोळ्यांच्या पातळीला आणा, दिवसभर मान वर करून आकडे वाचण्यानंसुद्धा मान आखडते, शिवाय अंधाऱ्या लाईनला बारीक आकडा वाचायला माणूस पुढं झुकतो. लाईट बदला, आकडा मोठा करा. बॉक्स जड आहे हे कळायला चिठ्ठीशेजारी लाल टेपचा तुकडा लावला तर हात घालायच्या आधी समजतं.

पॅकिंग टेबल

इथं एक गोष्ट जवळजवळ सगळीकडं चुकलेली असते. टेबलाची उंची टेबलाच्या वरच्या पृष्ठभागापासून ठरवतात, पण हात काम करतात ते बॉक्सच्या वरच्या काठावर. साधारण १५० सेंटीमीटर उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून ९५ च्या आसपास येतं. हलकं हातकाम कोपराच्या दहा-पंधरा सेंटीमीटर खाली बरं पडतं, म्हणजे हात ८० ते ८५ वर पाहिजेत. आता बॉक्स २५ सेंटीमीटर उंच असेल तर टेबल ६० च्या जवळ पाहिजे, आणि आपण घेतो ८५ चं, किचन ओट्यासारखं. मग बॉक्सचा काठ ११० वर जातो, खांदे वर उचलून दिवसभर माल भरायचा आणि टेप मारायची. संध्याकाळी खांदे भरून येतात त्याचं हे कारण. टेबल कापून बुटकं करता येत नसेल तर खाली उभं राहायला लाकडी फळ्यांचा चौथरा करा, पण तो लांब आणि रुंद पाहिजे, नाहीतर मागं पाय टाकताना माणूस पडेल. आणि मोठ्या बॉक्ससाठी एक बुटकं टेबल, छोट्या पार्सलसाठी एक उंच, असं वेगळं ठेवलं तर सगळ्यात बरं. उंच माणसाला बुटकं टेबल दिलं तर तो वाकतो, म्हणून कोण कुठं उभं राहणार हेपण उंची बघूनच ठरवा.

मग टेबलावर उभं राहून बघा, न वळता काय काय हाताला लागतं. टेप, स्कॅनर, बिलाचा प्रिंटर, मोकळे खोके, भरायचे कागद. सारखं लागणारं सगळं कोपरापासून पुढचा हात फिरवला तर येईल एवढ्या अर्धगोलात, कधीतरी लागणारं पूर्ण हात लांब केल्यावर येईल तिथं. मागं काहीच नको. भरलेला बॉक्स उचलून बाजूला ठेवण्यापेक्षा ढकलता यावा, टेबलाच्या पुढं तेवढ्याच उंचीचा रोलर असेल तर उत्तम, नसेल तर ट्रॉली तेवढ्या उंचीची करून लावा. मावशींच्या डाव्या अंगाची कळ प्रिंटर पुढं आणल्यावर गेली, औषध काही लागलं नाही.

ट्रॉली आणि क्रेट

ट्रॉली ओढू नका, ढकला. ओढताना एक हात मागं राहतो आणि सगळा पिळा कमरेत बसतो. दांडा कोपराच्या जवळपास उंचीला पाहिजे. ट्रॉली जड लागतीय अशी तक्रार आली तर वजन कमी करायच्या आधी चाकं बघा, बऱ्याच वेळा सुतळी आणि स्ट्रेच फिल्म गुंडाळून बेअरिंग जाम झालेलं असतं, ब्लेडनं कापून ग्रीस मारलं की निम्मं काम होतं. लहान चाक फरशीच्या फटीत अडकतं, मोठं चाक तेच सहज पार करतं, म्हणून नवीन घेताना चाकावर पैसे घाला. फरशीचे खड्डेपण बुजवून घ्या.

क्रेट ट्रॉलीच्या तळाला ठेवलं तर प्रत्येक आयटम टाकताना वाकायचं, म्हणजे रॅकवर वाचवलेलं वाकणं इथं परत आलं. ट्रॉलीच्या तळाला एक रिकामं क्रेट उलटं ठेवून त्यावर भरायचं क्रेट ठेवा. जड माल खाली आणि हलका वर म्हणून पिक लिस्टचा क्रमच जडापासून लावला तर मधे माल उपसून परत भरायला लागत नाही. आणि क्रेट भरलं म्हणजे काठोकाठ असं नाही, वजनावर ठरवा, १२-१५ किलो झालं की दुसरं घ्यायचं.

टाचा, पोटऱ्या, मनगट

सिमेंटची फरशी आणि पातळ स्लिपर हे दोन एकत्र आले की टाच दुखणारच. पॅकिंगच्या जागी उभं राहायला रबराची मॅट घाला. गोठ्यात गाईखाली घालतात ती रबर मॅट आपल्याकडं सहज मिळते आणि ती चालते, फक्त कडा दुमडलेल्या नको, पाय अडकतो. उभं राहणाऱ्यांना एक पाय ठेवायला बुटकी पट्टी आणि मधेअधे टेकायला उंच स्टूल असलं की पोटऱ्यांचं भरून येणं कमी होतं. स्टूल ठेवलं की लोक बसूनच राहतील ही भीती मालकांना असते, तसं होत नाही, ऑर्डर समोर पडलेली असताना कोण बसत नाही.

स्कॅनरचं बटण एकाच बोटानं दाबून दाबून बोट आणि मनगट धरतं, हात बदलता येईल असा स्कॅनर घ्या, नाहीतर तो टेबलावर स्टँडला लावून बॉक्स त्याच्यासमोर धरायचा. कटरचं पातं बोथट झालं की जोर जास्त लागतो, ब्लेड स्वस्त असतात, बदलत राहा.

बदल केला, बरं वाटलं, परत दुखायला लागलं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथंच सगळे हताश होतात आणि परत पोस्टरकडं वळतात.

पहिलं कारण, माल भरणारी पोरं. तुम्ही तेल कमरेच्या उंचीला आणलं, दोन आठवड्यांनी स्कीम आली, गणपतीच्या आधी नाहीतर दिवाळीत चौपट माल उतरला, जिथं जागा दिसली तिथं लावला, आणि जड माल लावायला सगळ्यात सोपी जागा कुठली तर जमीन. हळूहळू तेल परत खाली. म्हणून लोकेशन ठरवायचा कागद पिकिंगवाल्यांकडं नाही, भरणाऱ्यांकडं पाहिजे, आणि स्कीम सुरू व्हायच्या आधी त्या आयटमची जागा ठरलेली पाहिजे. ट्रकमधनं उतरवतानाच रिकामी पॅलेट खाली घातली नाहीत तर नंतर कोण घालत नाही.

दुसरं कारण आपल्या भागातलं. जून-जुलैत बेळगाव, खानापूरच्या खेड्यांतनं येणाऱ्या बायका सकाळी रोप लावण नाहीतर भांगलण करून शिफ्टला येतात, म्हणजे वाकण्याचा कोटा शेतातच संपलेला असतो. त्यात भर म्हणजे पावसानं खोकी ओलसर, तळ फाटेल म्हणून खालनं मिठी मारून उचलायचं. ह्या दिवसांत तक्रारी वाढल्या तर रॅक बिघडली असं समजू नका, कामाची वाटणी बदला, ह्या बायकांना कमरेच्या वरच्या फळ्यांची लाईन, लेबल, चेकिंग द्या आणि खालची लाईन शेत नसलेल्या पोरांना. ओली खोकी क्रेटमधे घालूनच हलवा.

तिसरं, सकाळची पहिली वेळ. झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळं उठल्यावर पहिल्या तासाभरात वाकून जड उचललं तर त्यांच्यावर ताण जास्त येतो. तासभर बसमधे बसून आल्यावरपण पाठ आखडलेली असते. पहिली शिफ्ट आल्या आल्या ट्रक खाली करायला लावणं म्हणजे उसण भरायला आमंत्रण. पहिला अर्धा तास लिस्ट लावणं, हलक्या लाईन, चालणं, मग जड.

चौथं, नावापुरतं रोटेशन. दोन तास खालच्या फळ्यांवर पिकिंग आणि दोन तास ट्रक अनलोडिंग, ह्याला रोटेशन म्हणतात, पण दोन्हीकडं कंबरच राबते. जिथं दुसरा अवयव काम करेल तिथं पाठवलं तर विसावा मिळतो. जेवणाची सुट्टी सोडून तासाला दोन-तीन मिनिटं ताठ उभं राहून पाठ मागं झुकवणं, चार पावलं चालणं, पाणी, ह्याचा उपयोग एकदम मोठ्या सुट्टीपेक्षा जास्त होतो, आणि एप्रिल-मेत पत्र्याखाली तर पाण्याशिवाय पोटऱ्यांत गोळे येतात.

आणि कमरेचा पट्टा. बरेच जण विचारतात घ्यावा का. नायॉशनं दुकानात माल हाताळणाऱ्यांवर मोठा अभ्यास करून २००० साली सांगितलं की पट्ट्यानं पाठीच्या इजा कमी होतात असं दिसलं नाही. डॉक्टरनं सांगितला असेल तर घाला, पण पट्टा घातलाय म्हणून जास्त उचलायला लावू नका. त्या पैशात रॅकची एक फळी वर येते.

डॉक्टरकडं कधी

साधी उसण असेल तर हलकं हिंडतं-फिरतं राहिलं की बहुतेक वेळा काही दिवसांत उतरते, पडून राहू नये. आपल्याकडं पायाळू, म्हणजे पायाकडनं जन्मलेल्या, माणसाचा पाय पाठीवर लावून उसण काढून घ्यायची रीत आहे, आजी-आजोबांपासून चालत आलेली, पण कळ मांडीतनं पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, पाऊल उचलताना लटकत असेल तर पाठीवर कुणाचा पाय घेऊ नका, आधी डॉक्टर. आणि लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधली जागा बधीर झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्यायचं, उशीर झाला तर ते कायमचं राहू शकतं.

मालकाला सांगायचं कसं

एकदम सगळ्या गोडाऊनचा प्रस्ताव घेऊन गेलात तर "बघू" म्हणतील. एकच लाईन मागा, सगळ्यात जास्त खुणा पडलेली. तिथं रिकामी पॅलेट, उलटी क्रेट, फळी वर घेणं, प्रिंटर पुढं घेणं एवढंच करा, ह्यात एका रविवारचं काम आणि थोडे नटबोल्ट सोडून खर्च नाही. आधीचे आणि नंतरचे माणसाच्या आकाराचे कागद समोर ठेवा, त्या लाईनचा फुटलेला माल, चुकलेले पिक आणि रजा शेजारी लिहा, हे आकडे त्यांच्याकडं आधीच असतात. कागद भरून घेताना लाईनचं नाव मोठ्या अक्षरात आणि तारीख वर लिहायला सांगा, नाहीतर पावसाळ्यातले कागद आणि दिवाळीतले कागद एकमेकांत मिसळतात आणि काय बदललं ते कळत नाही.